विश्लेषण : माळ्यावरचा फिल्म कॅमेरा पुन्हा चालेल? कोणता भाग काय करतो, झाकण उघडण्याआधी काय पाहावे?

घराची आवरासावर करताना माळ्यावरून किंवा लोखंडी कपाटातून चामड्याच्या पिशवीतला एखादा जुना कॅमेरा बाहेर येतो. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना त्याचे कुतूहल वाटते आणि पहिला हात जातो तो मागच्या झाकणाकडे. पण आत अर्धवट वापरलेला रोल असेल, तर त्या एका कृतीने वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे फोटो कायमचे पुसले जाऊ शकतात. फिल्म कॅमेऱ्यात ‘अनडू’ नसते. दुसरीकडे, अशा कॅमेऱ्यांकडे तरुण पुन्हा वळत आहेत. जपानच्या रिको कंपनीने जून २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा कोरा फिल्म कॅमेराही बाजारात आणला. या यंत्रात नेमके कोणते भाग असतात, प्रत्येकाचे काम काय आणि जुना कॅमेरा पुन्हा वापरायचा तर काय तपासावे, याचा हा आढावा.

झाकण उघडण्याआधी काय करावे?

बहुतेक ३५ मिमी कॅमेऱ्यांत वरच्या बाजूला डावीकडे एक छोटी घडीची कडी असलेली खुंटी असते. तिला ‘रीवाइंड क्रँक’ म्हणतात. कडी उघडून बाणाच्या दिशेने अगदी हळू फिरवावी. ती मोकळी फिरत राहिली तर आत रोल नसण्याची शक्यता जास्त. फिरताना ताण जाणवला, तर आत फिल्म आहे असे समजावे आणि झाकण उघडू नये. बाजूच्या छोट्या खिडकीत किती फोटो काढून झाले तो आकडा दिसतो. मात्र अनेक कॅमेऱ्यांत रोल नसतानाही हा आकडा पुढे सरकतो. त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये.

रोल असेल, तर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेले छोटे रीवाइंड बटण दाबावे आणि क्रँक फिरवून पूर्ण फिल्म डबीत गुंडाळून घ्यावी. शेवटी ताण एकदम सुटतो. त्यानंतरच झाकण उघडावे. असा जुना रोल धुतल्यावर रंग उडालेले किंवा चित्र धूसर दिसू शकते, पण अनेकदा काही ना काही हाती लागते.

फिल्म कॅमेरा म्हणजे मुळात काय?

सर्व गुंतागुंत बाजूला ठेवली तर कॅमेरा म्हणजे एक अंधारी पेटी. तिच्या एका बाजूला प्रकाश आत सोडणारे भिंग, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारी फिल्म आणि या दोघांच्या मध्ये, प्रकाश किती आणि किती वेळ आत येईल हे ठरवणारी दोन दारे. पहिले दार म्हणजे अ‍ॅपर्चर, दुसरे शटर. बाकीचे सगळे भाग या चौघांच्या मदतीसाठी असतात.

आज ज्याला आपण ‘साधा रोल’ म्हणतो, ती ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म मुळात चित्रपटांसाठी होती. जर्मनीतील ऑस्कर बर्नाक या अभियंत्याने ती छायाचित्रणाच्या छोट्या कॅमेऱ्यात आडवी वापरली आणि २४ बाय ३६ मिमीची चौकट ठरवली. १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापार मेळ्यात ‘लायका’ कॅमेरा लोकांसमोर आला. आजच्या महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांना ‘फुल फ्रेम’ म्हणतात, तेव्हा माप हेच अभिप्रेत असते.

पुढील माहितीसाठी ‘पेंटॅक्स के १०००’ हा कॅमेरा उदाहरण म्हणून घेता येईल. १९७६ ते १९९७ अशी तब्बल दोन दशके तो बनत होता आणि अनेक देशांत छायाचित्रणाचे विद्यार्थी त्यावरच शिकले. त्यात स्वयंचलित काहीच नाही. त्यामुळे प्रत्येक भागाचे काम उघडपणे दिसते.

बॉडी : पेटी अंधारी राहणे महत्त्वाचे का?

बॉडीचे पहिले काम म्हणजे नको असलेला प्रकाश बाहेर ठेवणे. मागचे झाकण आणि पेटी यांच्या खाचेत काळ्या स्पंजची पट्टी असते. वीस-तीस वर्षांत हा स्पंज चिकट होऊन भुगा होतो. मग झाकणाच्या फटीतून प्रकाश शिरतो आणि फोटोवर लालसर-नारिंगी पट्टे उमटतात. कॅमेरा बिघडला असे वाटते, प्रत्यक्षात काही रुपयांची पट्टी बदलायची असते. जुना कॅमेरा हाती आला की खाचेतून बोट फिरवून पाहावे. बोटाला काळा डिंकासारखा थर लागला, तर स्पंज गेला आहे.

लेन्स : भिंग एकच की अनेक?

बाहेरून एक काच दिसली तरी लेन्सच्या नळीत अनेक भिंगे एकामागे एक बसवलेली असतात. समोरच्या दृश्यातून येणारी किरणे वळवून ती फिल्मवर नेमक्या जागी एकत्र आणणे हे त्यांचे काम. फिल्मवर पडणारे चित्र उलटे असते. खालचे वर आणि डावीकडचे उजवीकडे.

लेन्सवरची कडी फिरवली की भिंगे पुढे-मागे सरकतात. यालाच फोकस करणे म्हणतात. लेन्सवर ५० मिमी, २८ मिमी, १३५ मिमी असे आकडे असतात. हे फोकल लेंग्थचे माप. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दूरची वस्तू जवळ. के १००० सोबत बहुधा ५० मिमीची लेन्स मिळत असे.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत लेन्सचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे बुरशी. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर ती बुरशी असते. सुरुवातीला ती साफ करता येते. फार काळ राहिली तर काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. चामड्याच्या पिशवीत ओल धरून राहते. म्हणून पावसाळ्यात कॅमेरा त्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवणे चांगले.

अ‍ॅपर्चर : आकडा मोठा, भोक लहान असे का?

लेन्सच्या आत धातूच्या पातळ पाकळ्यांचे एक चक्र असते. डोळ्याच्या बाहुलीप्रमाणे ते लहान-मोठे होते. लेन्सच्या कडीवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे आकडे असतात. नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. कारण २ वर भोक सर्वात मोठे आणि २२ वर सर्वात लहान.

कारण सरळ गणिताचे आहे. हा आकडा भागाकारातून येतो. फोकल लेंग्थला भोकाच्या व्यासाने भागले की एफ क्रमांक मिळतो. ५० मिमी लेन्सचे भोक २५ मिमी असेल तर क्रमांक २. भोक साधारण ३ मिमी असेल तर क्रमांक १६. भाजक लहान झाला की उत्तर मोठे येते. वरच्या मालिकेत एक पायरी पुढे गेले की आत येणारा प्रकाश निम्मा होतो.

अ‍ॅपर्चरचा दुसरा परिणाम फोटोच्या खोलीवर होतो. भोक मोठे ठेवले तर चेहरा स्पष्ट आणि मागचे सगळे धूसर. भोक लहान ठेवले तर जवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत बरेच काही स्पष्ट येते. मोबाइलमधला ‘पोर्ट्रेट मोड’ हाच परिणाम सॉफ्टवेअरने तयार करतो.

शटर : एका सेकंदाचा हजारावा भाग कसा मोजला जातो?

फिल्मच्या अगदी पुढे दोन पडदे असतात. के १००० मध्ये ते काळ्या कापडाचे आहेत. बटण दाबले की पहिला पडदा बाजूला सरकून फिल्म उघडी करतो आणि ठरलेल्या वेळानंतर दुसरा पडदा त्याच दिशेने येऊन ती झाकतो. वरच्या चकतीवर १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० असे आकडे असतात. १२५ म्हणजे सेकंदाचा १२५ वा भाग. ‘बी’ या खुणेवर बटण दाबून ठेवू तितका वेळ शटर उघडे राहते. रात्रीच्या किंवा फटाक्यांच्या फोटोंसाठी ते कामी येते.

वेग जास्त असेल तेव्हा एक गंमत होते. पहिला पडदा दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच दुसरा निघतो. म्हणजे संपूर्ण फिल्म कधीच एकदम उघडी नसते. दोन पडद्यांमधली एक अरुंद फट तिच्यावरून सरकत जाते. म्हणूनच फ्लॅश वापरताना वेग मर्यादेत ठेवावा लागतो. के १००० साठी ही मर्यादा १/६० सेकंद आहे. ५०० वर ठेवून फ्लॅश मारला तर फोटोचा एक उभा पट्टा तेवढा उजळतो आणि बाकी अंधार राहतो.

हालचाल गोठवायची की वाहती ठेवायची, हेही शटरच ठरवते. १/५०० वर धावणारा खेळाडू थिजतो, १/१५ वर तोच पुसट रेघ होतो. ५० मिमी लेन्स हातात धरून फोटो काढताना वेग १/६० च्या खाली नेला तर हात हलल्याचा दोष दिसू लागतो.

दोघांचा मेळ कसा घालायचा?

अ‍ॅपर्चर आणि शटर या दोन्हींच्या आकड्यांची रचना अशी आहे की प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो. त्यामुळे हिशोब सोपा होतो. समजा एफ/८ आणि १/१२५ वर फोटो बरोबर येतो. भोक दोन पायऱ्या मोठे करून एफ/४ केले, तर प्रकाश चौपट झाला. मग शटरचा वेग दोन पायऱ्या वाढवून १/५०० करायचा. उलट एफ/१६ केले तर १/३०. तिन्ही वेळा फिल्मवर पडणारा एकूण प्रकाश तेवढाच. फोटोचा स्वभाव मात्र तीन वेगळे.

व्ह्यूफाइंडर : डोळ्याला दिसते ते कुठून येते?

के १००० हा ‘एसएलआर’ प्रकारचा, म्हणजे एकाच लेन्समधून पाहणारा आणि टिपणारा कॅमेरा. लेन्सच्या मागे ४५ अंशांत एक आरसा असतो. तो प्रकाश वर, दुधी काचेच्या पडद्यावर पाठवतो. तिथले चित्र डावे-उजवे उलटे असते. त्यावर बसवलेला पेंटाप्रिझम म्हणजे पैलूदार काच ते सरळ करून डोळ्यापर्यंत आणते. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा उंचवटा त्याचाच.

बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते, बंद होते आणि आरसा खाली येतो. ओळखीचा ‘खटॅक’ आवाज यातूनच येतो. ज्या क्षणी फोटो निघतो, नेमक्या त्याच क्षणी छायाचित्रकाराला समोरचे काही दिसत नाही.

सगळेच कॅमेरे असे नसतात. रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात एकावर एक दोन लेन्स असतात. वरची पाहण्यासाठी, खालची टिपण्यासाठी. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी असा कॅमेरा वापरला होता. त्यात वरून खाली पाहावे लागते आणि चित्र डावे-उजवे उलटे दिसते. भारतात घराघरांत पोहोचलेल्या ‘आग्फा क्लिक ३’मध्ये तर फक्त चौकट दाखवणारी साधी खिडकी होती. त्यात १२० क्रमांकाचा रुंद रोल लागे आणि एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो येत.

लाइट मीटर : सुई काय सांगते?

व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या बाजूला एक सुई दिसते. ती मध्यावर आली की प्रकाश योग्य, वर गेली की जास्त, खाली आली की कमी. मात्र समोर काय आहे हे मीटरला कळत नाही. तो प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. म्हणून पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढचा माणूस काळवंडतो आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा चेहरा पांढराफटक येतो. अशा वेळी जवळ जाऊन फक्त चेहऱ्यावरचा प्रकाश मोजायचा असतो.

मीटरला फिल्म किती संवेदनशील आहे हे सांगावे लागते. त्यासाठी आयएसओची चकती असते. रोलच्या डबीवर १००, २०० किंवा ४०० लिहिलेले असते, तोच आकडा चकतीवर लावायचा. डिजिटल कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला आयएसओ बदलता येतो. इथे साधारणपणे संपूर्ण रोलसाठी एकदाच निर्णय होतो.

के १००० ला बटणाच्या आकाराचा एक सेल लागतो, पण तो फक्त मीटरसाठी. सेल संपला तरी शटर चालते. १९६०-७० च्या दशकांतील अनेक कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागत. ते आता बनत नाहीत. त्याजागी १.५ व्होल्टचा सेल घातला तर सुई चुकीचे सांगू शकते.

मीटर बंदच असेल तर जुना नियम उपयोगी पडतो. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या जवळचा ठेवायचा. म्हणजे ४०० च्या रोलला १/५००.

फिल्म : चित्र नेमके कुठे उमटते?

प्लास्टिकच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण. प्रकाश पडलेल्या कणांत अतिसूक्ष्म बदल होतो. तो डोळ्याला दिसत नाही. रोल धुताना डेव्हलपर हे रसायन नेमक्या त्याच कणांचे चांदीत रूपांतर करते. फिक्सर उरलेले कण काढून टाकतो. जिथे प्रकाश जास्त, तिथे चांदी जास्त आणि म्हणून काळेपणा जास्त. निगेटिव्ह उलटी दिसते ती यामुळे.

रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर असतात. धुताना प्रत्येक थरात रंगद्रव्य तयार होते आणि चांदी काढून टाकली जाते. त्यासाठीच्या ‘सी-४१’ या प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस आणि वेळ सव्वातीन मिनिटे ठेवतात. चित्रपटांत दिसणारी लाल दिव्याची खोली कृष्णधवल प्रिंट काढण्यासाठी असते. आजची नेहमीची फिल्म लाल प्रकाशातही खराब होते. तिला मिट्ट काळोखच लागतो.

रोल पुढे सरकतो कसा, आणि सर्वाधिक चुका कुठे होतात?

कॅमेरा उघडला की डावीकडे रोलची डबी, उजवीकडे फिल्म गुंडाळून घेणारा स्पूल आणि मध्ये दातेरी चाक दिसते. फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. वरचा लीव्हर अंगठ्याने ओढला की चाक आठ छिद्रे पुढे जाते, म्हणजे बरोबर एक फोटो. त्याच ओढीत शटरची स्प्रिंगही ताणली जाते. झाकणाच्या आतली गुळगुळीत धातूची पट्टी फिल्मला मागून दाबून सपाट ठेवते.

नवशिक्यांचे सर्वात मोठे नुकसान इथेच होते. फिल्मचे टोक स्पूलच्या खाचेत नीट अडकले नाही तर लीव्हर फिरतो, आकडा वाढतो, आवाज येतो, पण फिल्म जागची हलत नाही. ३६ फोटो काढल्याचे समाधान मिळते आणि धुतल्यावर रोल कोरा निघतो. एखाद्याच्या लग्नाचा किंवा बारशाचा तो एकमेव रोल असेल, तर भरपाई नाही.

यावर खात्रीचा उपाय आहे. झाकण लावल्यावर क्रँक हळू फिरवून फिल्मची ढील काढावी आणि मग लीव्हर ओढताना क्रँककडे पाहावे. ती आपोआप उलटी फिरली तर फिल्म सरकते आहे. फिरली नाही तर झाकण उघडून रोल पुन्हा लावावा. जातील ते सुरुवातीचे एक-दोन फोटो.

जुना कॅमेरा घेताना काय तपासावे?

ओळखीच्यांकडून, बाजारातून किंवा ऑनलाइन जुना कॅमेरा घेताना दहा मिनिटांत पुढील गोष्टी पाहता येतात.

शटर : झाकण उघडून, रोल नसताना सगळ्या वेगांवर बटण दाबून पाहावे. १ सेकंद आणि १/१००० यांतला फरक डोळ्यांना कळला पाहिजे. पडद्यावर भोक किंवा सुरकुती नको.

अ‍ॅपर्चर : पाकळ्यांवर तेल दिसू नये. तेल असेल तर त्या अडखळतात.

लेन्स : मोबाइलचा टॉर्च लावून आरपार पाहावे. थोडी धूळ चालते, बुरशीचे जाळे नको.

सेलचा कप्पा : हिरवट-पांढरा थर असेल तर गळलेल्या सेलने आतले धातू खाल्ले आहेत. मीटर चालेलच असे नाही.

स्पंज : खाचेतला आणि आरशाजवळचा, दोन्ही पाहावेत.

रोल धुतल्यानंतर काय जपावे?

आता बहुतेक ठिकाणी रोल धुऊन, स्कॅन करून फोटो मोबाइलवर पाठवले जातात. त्यामुळे निगेटिव्ह परत घ्यायची अनेकांना आठवण राहत नाही. पण मूळ चित्र निगेटिव्हमध्ये असते. स्कॅन ही तिची एक प्रत. फोन हरवला, प्रत बिघडली तरी निगेटिव्हवरून पुन्हा, तेही अधिक चांगल्या यंत्रावर स्कॅन करता येते. कागदी किंवा खास प्लास्टिकच्या पाकिटात, कोरड्या जागी ती ठेवावी. विमानप्रवासात न धुतलेले रोल असतील तर नव्या सीटी प्रकारच्या स्कॅनरमधून ते नेऊ नयेत. हाताने तपासण्याची विनंती करावी.

एका रोलमध्ये ३६ संधी आणि प्रत्येकीचा खर्च वेगळा, त्यामुळे बटण दाबण्याआधी फोकस, अ‍ॅपर्चर, शटर आणि प्रकाश यांचा विचार करावाच लागतो. हे चार शब्द एकदा हाताला कळले की मोबाइलच्या ‘प्रो मोड’मधले आकडेही अनोळखी राहत नाहीत. घरातल्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करायची असेल तर क्रम एवढाच लक्षात ठेवावा : आधी क्रँक फिरवून पाहा, मगच झाकण उघडा.